तारामाशाचा रंग नंतर, आधी त्याचं जेवण

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमच्याकडे २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. सुरू करून आठ महिने झाले. त्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले समुद्री खडक), वाळूचा पातळ थर आणि झोअँथिड व मशरूम प्रकारची थोडी कोरल आहेत. टँक चार महिन्यांचा असताना नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टाखातर निळा तारामासा आणला. पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि त्याला आत सोडलं. अडीच महिने छान फिरत होता. मग अंगावर पांढरे चट्टे आले, एक हात गळून पडला आणि दोन दिवसांत तो विरघळल्यासारखा संपला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य होते, नायट्रेट १०. दर रविवारी साधारण १५ लिटर गोडं पाणी घालावं लागतं. ते घातल्यावर सॅलिनिटी, म्हणजे हजार भाग पाण्यात मीठ किती, ते मोजतो, ती ३५च भरते. त्याला एखादा रोग झाला असेल का? मुलगी खूप रडली, आता तिला पुन्हा तारामासा हवाय. वाळू मळकट दिसते, तेव्हा सफाई करणारा मिळाला तर दोन्ही कामं होतील. पुन्हा निळाच घ्यावा, दुकानदार ‘सगळ्यात काटक’ म्हणतात तो चॉकलेट चिप घ्यावा, की वाळू चाळणारा? शिवाय काचेवर नखाएवढे पांढरे तारे दिसू लागलेत, ते काढून टाकावेत का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले: ‘अडीच महिने छान फिरत होता.’ तारामासा पाळणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते. मासा उपाशी राहिला तर त्याचं पोट खपाटीला जातं, पाठ धारदार दिसू लागते, आपल्याला कळतं. तारामाशाच्या कातडीखाली चुनखडीच्या बारीक तुकड्यांचा सांगाडा असतो. आतून तो कितीही रिकामा होत गेला तरी बाहेरचा आकार बराच काळ तसाच दिसतो. त्याच्या प्रत्येक हातात पाचक ग्रंथींची एक जोडी असते आणि अन्नाचा साठाही तिथेच असतो. खायला मिळेनासं झालं की आधी हा साठा संपतो, मग तो स्वतःच्या शरीरावर गुजराण करू लागतो. कोठीतलं धान्य संपेपर्यंत चूल पेटलेली असते आणि बाहेरच्याला फक्त धूर दिसतो, त्यातलाच हा प्रकार. तुमचा तारामासा खडकांवरून, काचेवरून सतत फिरत होता तो बहुधा अन्नाच्या शोधात.

म्हणून रोगाची शंका तूर्त बाजूला ठेवा. पांढरे चट्टे पडणं आणि हात गळणं ही केवळ रोगाचीच लक्षणं असतात असं नाही. ताण सोसेनासा झाला की तारामाशाचं शरीर असंच मोडत जातं, आणि जिवाणू मागाहून येतात. कारणही एकच असेल असं मानू नका. तुमच्या पत्रात मला तीन दिसतात: उपासमार, घाईत केलेलं स्थलांतर आणि दर रविवारचं ते १५ लिटर पाणी.

रविवारचं पाणी जरा सविस्तर पाहू, कारण ते दुरुस्त करणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. टँकमधलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागे राहतं. २०० लिटरच्या टँकमध्ये खडक आणि वाळू वगळता १७० लिटर पाणी धरू. त्यातलं १५ लिटर उडालं तर रविवारी सकाळी तुमची सॅलिनिटी ३५ राहत नाही, ती ३८च्या वर गेलेली असते. मग तुम्ही गोडं पाणी ओतता, ती झपकन ३५वर येते, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही मोजता. तुमचं मोजमाप खरंच आहे, पण ते आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या क्षणाचं आहे. हा चढउतार क्लाउनफिश निभावून नेतात, कारण माशाचं शरीर आतल्या क्षारांचं प्रमाण स्वतः सांभाळतं. तारामाशाला ते जमत नाही. त्याच्या शरीरात रक्ताऐवजी जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळतं. पाठीवर एक चाळणीसारखी बारीक चकती असते, तिचा संबंध आतल्या नळ्यांशी असतो, आणि या नळ्यांमधल्या पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, हलतात. बाहेरची सॅलिनिटी बदलली की आतलीही बदलते. दर आठवड्याला त्याच्या प्रत्येक पेशीला हा हेलकावा बसत होता.

यापुढे पाणी रोज घाला, थोडं थोडं. दोन लिटर सकाळी ओतायला मिनिटसुद्धा लागत नाही. जमलं तर पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं ऑटो टॉप-ऑफ बसवा. माझ्या मते तारामासा घेण्याआधी घ्यायची वस्तू हीच. सॅलिनिटी मोजा ती पाणी घालण्याआधी, आणि रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं यंत्र) ३५च्या प्रमाणित द्रावणावर अधूनमधून तपासून घ्या. गोड्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५च्या आसपास बरोबर दाखवेलच असं नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांचे तुमचे आकडे ठीक आहेत. पण त्यावरून पाणी कसं आहे एवढंच कळतं. ताटात काय आहे ते कुठल्याच टेस्ट किटमध्ये दिसत नाही.

आता सफाईबद्दल. तारामासा म्हणजे सफाई कामगार, ही समजूत इतकी रुजली आहे की पुष्कळदा विकणाऱ्यालाही ती खरी वाटते. पण तारामाशांच्या सुमारे १,९०० जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी शिकारी आहेत. कोणी शिंपले उघडून खातो, कोणी स्पंज, कोणी कोरल. बऱ्याच जाती पोटच बाहेर काढून भक्ष्यावर पसरतात आणि जागेवरच पचवतात. अशा प्राण्याला आपल्या वाळूवरचा मळ दिसतो आणि तो पुसावासा वाटतो, ही कल्पना आपली. प्रत्येक जात तिचं ठरलेलं अन्न खाते, आणि ते अन्न आपल्या टँकमध्ये आहे का हे आपण पाहायचं.

वाळू चाळणारा तारामासा या बाबतीत सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. बाजारात या नावाने बहुधा अॅस्ट्रोपेक्टेन वंशातला, कडेने काटेरी झालर असलेला, करड्या-तपकिरी रंगाचा तारामासा मिळतो. तो वाळूत बुडी मारतो, वाळू हलवतो, वरचा थर दोन दिवसांत स्वच्छ दिसू लागतो आणि आपल्याला वाटतं, काम झालं. खाली मात्र तो मळ खात नसतो. वाळूतले बारीक किडे, कोपेपॉड नावाचे इवले कवचधारी जीव, छोट्या गोगलगायी, इवले शिंपले तो अख्खे गिळत असतो. आणि हेच जीव तर तुमच्या वाळूतला गाळ, उरलेलं खाणं पचवून टाकत असतात! त्यांना संपवलं की वाळू निर्जीव होते, आणि मग चाळणाऱ्यालाही काही उरत नाही. वाळूखाली असल्यामुळे तो कधी मेला हेसुद्धा कळत नाही. कळतं ते अमोनिया वाढल्यावर. ४०० लिटरच्या आतल्या टँकमध्ये, आणि तेही जुना, खोल, जीवसृष्टीने भरलेला वाळूचा थर नसताना, मी तो कुणालाच सुचवणार नाही. तुमच्या टँकमध्ये अजिबात नको.

वाळू मळकट दिसते त्याचे उपाय वेगळे आहेत आणि ते स्वस्तात होतात. वर तपकिरी भुकटीसारखा पापुद्रा असेल तर ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शैवाल. नव्या टँकमध्ये येतात आणि बहुतेक वेळा ओसरतात, आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी वापरत असाल तर लवकर. गाळ साचत असेल तर पॉवरहेडची, म्हणजे टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाची, दिशा बदलून पाहा, पाणी बदलताना वरचा थर सायफनने ओढून घ्या, माशांना खाणं एकदम न टाकता दोन वेळा थोडं थोडं द्या. नॅसेरियस गोगलगायी आणल्यात तर त्या वाळूत राहतात, खाण्याचा वास येताच वर येतात आणि येता-जाता वाळू ढवळतात. चार-पाच पुरेत.

चॉकलेट चिप काटक आहे, हे दुकानदारांचं म्हणणं खरं आहे. तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही. कोळंबीचा, माशाचा किंवा शिंपल्याचा तुकडा त्याच्या अंगाखाली सरकवला की तो खातो, आणि म्हणूनच टिकतो. पण काटक म्हणजे तुमच्या टँकला योग्य, असं मात्र होत नाही. हा तारामासा कोरल खातो, स्पंज खातो, गोगलगायी आणि इतर तारामासेही खातो. तुमची झोअँथिड आणि मशरूम त्याच्यासाठी अन्नच. शिवाय पूर्ण वाढला की तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. ज्यांच्याकडे कोरल नाहीत, नुसते शांत स्वभावाचे मासे आहेत आणि टँक मोठा आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा. खऱ्या तारामाशांमध्ये नवशिक्याला हाताने भरवता येईल आणि वर्षानुवर्षं जगेल असा माझ्या मते हाच. तुमच्या घरी त्याची जागा नाही, एवढंच.

राहिला निळा. लिंकिया लेव्हिगाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या उथळ प्रवाळ खडकांवर तो उघड्यावर फिरतो. खडकांवर आणि वाळूवर जिवाणू, एकपेशीय शैवाल आणि सूक्ष्म जीवांचा जो अगदी पातळ थर साचतो, तो हा पोट बाहेर काढून टिपत जातो. समुद्रात त्याच्यापुढे मैदान अफाट असतं, एक जागा चाटून झाली की तो पुढे सरकतो. घरच्या टँकमध्ये तो दोन-चार दिवसांत पुन्हा पहिल्या जागी येतो, आणि तिथे नवा थर अजून धरलेलाच नसतो. या अन्नाला भरवशाचा पर्याय अजून कोणी बाटलीत भरून विकलेला नाही. काही जणांचे तारामासे बुडणाऱ्या शैवालाच्या गोळ्यांवर बसलेले दिसतात, ते कौतुकाने सांगितलंही जातं, पण त्यावर तो वर्षानुवर्षं जगला असं क्वचित. बहुतेक वर्षाच्या आत जातात.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, पुन्हा निळा घेऊ नका. हे प्राणी जवळजवळ सगळेच्या सगळे समुद्रातून उचलून आणलेले असतात, पैदास करून विकले जात नाहीत. घरात एक मेला आणि त्या जागी दुसरा आणला की खडकावरून आणखी एक कमी होतो. एवढा सुंदर जीव आपल्या काचेआड दोन-अडीच महिने हळूहळू उपाशी राहावा हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटणार नाही. मुलीच्या रडण्याचा उल्लेख तुम्ही पत्रात केलात, तेव्हाच ते कळलं.

फ्रोमियाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निळ्याला नाही म्हटलं की पुढचं नाव तेच येतं. लाल किंवा नारिंगी, फरशी जडवल्यासारखी नक्षी, साधारण ७ ते १० सेंटिमीटर. आकार लहान म्हणून गरज कमी, त्यामुळे निळ्याच्या तुलनेत त्याचं जास्त दिवस निभतं. अन्न मात्र त्याच प्रकारचं. टँक निदान वर्षभराचा, ३०० लिटरच्या पुढचा, खडक भरपूर आणि जुने, आणि दुसरा कोणी तारामासा वाटेकरी नाही, अशा घरी एक ठेवून पाहता येईल. तुमच्या टँकमध्ये आज नाही. टँक आणखी जुना झाला तरी तुमच्या टँकच्या आकारात तो टिकेलच, असं मी म्हणणार नाही.

मग तुमच्याकडे कोण राहील? माझं उत्तर सर्पंट स्टार. शास्त्राच्या काटेकोर हिशेबात तो तारामाशांचा चुलतभाऊ. मधे छोटी तबकडी आणि तिच्यापासून फुटलेले पाच लांब, सडपातळ हात. तारामासा नलिकापादांवर सरकतो, हा हातांनी वल्हवत जातो, आणि चपळ असतो. त्याचा मुख्य गुण म्हणजे तो आपण दिलेलं खातो. माशांच्या खाण्यातलं खाली पडलेलं, खडकांच्या फटीत अडकलेलं अन्न तो शोधून काढतो. म्हणजे तुमच्या मनातली सफाईही थोडीफार होते. पण त्याच्यावर विसंबून त्याला उपाशी ठेवू नका. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा किंवा बुडणारी गोळी चिमट्याने त्याच्या कपारीजवळ ठेवा. पाण्यात वास पसरला की आधी एक हात बाहेर येतो, मग दुसरा, आणि तुकडा गुंडाळून आत नेला जातो. त्याने खाल्लं की नाही हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. निळ्याच्या बाबतीत हे समाधान कधीच मिळत नव्हतं.

घेताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, रंग. हिरवा, ऑलिव्ह हिरवा किंवा हिरवट-पिवळा असा मोठा ब्रिटल स्टार समोर आला तर घेऊ नका. ओफिआरॅक्ना इन्क्रासाटा ही जात शिकारी आहे. रात्री हातांवर उभी राहून तबकडी उंच धरते, खाली गुहेसारखी जागा तयार होते, निवाऱ्याला मासा आला की ती एकदम खाली बसते. तुमचा गोबी तिच्या सहज तावडीत सापडेल. काळा, तपकिरी, पट्टेरी किंवा लाल सर्पंट स्टार घ्या. दुसरी गोष्ट, हातांचा पोत. गुळगुळीत हातांचा तो सर्पंट स्टार, काटेरी हातांचा तो ब्रिटल स्टार, असा बाजारातला ढोबळ फरक आहे. काटेरीतले लहान आकाराचेही बहुतेक निरुपद्रवी असतात, पण पहिल्यांदा घेताय तर गुळगुळीतच बरा. हाताचं एखादं टोक तुटलेलं असेल तर घाबरू नका, ते पुन्हा वाढतं. पाचही हात बुडापासून तुटलेले किंवा तबकडीला जखम असेल तर सोडून द्या.

तो दिवसा खडकाखाली लपतो, आणि तुमच्या मुलीला समोर फिरणारा तारा हवाय. ही अडचण खरी आहे, ती झाकून तुम्हाला सर्पंट स्टार गळ्यात मारणार नाही. पण मुलीला नेमकं काय आवडलं होतं हे एकदा तिलाच विचारा. निळा रंग? की तो चालतो कसा, खातो कुठून, डोळे कुठे आहेत, हे? रंग हवा असेल तर कोरलमध्ये तो पुष्कळ मिळेल. जिवंतपणाची ओढ असेल तर भरवण्याचं काम तिच्याकडे द्या. सर्पंट स्टारला ठरलेल्या वेळेची आणि वासाची सवय होते. काही आठवड्यांत तो दिवे मंद होताच हात बाहेर काढू लागतो. लाल प्रकाशाचा टॉर्च असेल तर रात्री त्याला न बिचकवता बघता येतं. आणि आधीचा तारामासा का गेला हेही तिला सांगा, सोप्या शब्दांत पण खरं. नऊ वर्षांच्या मुलांना ‘त्याला हवं ते खाणं आपल्याकडे नव्हतं’ हे व्यवस्थित कळतं. ‘आजारी पडला’ असं सांगून दुसरा आणला तर ती त्या दुसऱ्याच्या अंगावर रोज चट्टे शोधत बसेल.

शिवाय तारामासे तुमच्याकडे आलेच आहेत की! काचेवरचे ते नखाएवढे पांढरे तारे म्हणजे बहुधा अॅस्टरिना. लाइव्ह रॉकबरोबर किंवा कोरलच्या तुकड्याबरोबर येतात. नीट पाहिलंत तर त्यांचे हात सारखे नसतात, तीन मोठे आणि दोन-तीन इवले, कारण हे शरीर मधून दुभंगून एकाचे दोन होतात आणि उरलेले हात मागाहून उगवतात. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला असला की त्याची खालची बाजू आपल्याकडे असते. मुलीच्या हातात एक भिंग द्या. नलिकापाद एकामागून एक उचलले जाताना दिसतील, मधे तोंड दिसेल, कधी काचेवर पसरलेलं पोटही. मोठा तारामासा दुरून पाहून जे कळलं नसतं, ते या फुकट आलेल्या पाहुण्याकडून कळेल. निदान मला तरी टँकमधली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

ते काढून टाकू नका. बहुतेक अॅस्टरिना काचेवरचा आणि खडकावरचा शैवालाचा थरच खातात. काही मात्र झोअँथिडवर बसतात, आणि तुमच्याकडे झोअँथिड आहेत, तेव्हा लक्ष असू द्या. एखादा तारा रोज त्याच वसाहतीवर दिसतो आणि तिथली तोंडं मिटलेली किंवा कमी होत चाललेली आहेत, असं दिसलं तर त्याला चिमट्याने उचला. संख्या फार वाढली तर आपण माशांना खाणं जास्त टाकतोय का ते पाहा. कुणी हार्लेक्विन कोळंबी आणायला सुचवेल, कारण ती तारामासेच खाते. पण ती फक्त तारामासेच खाते. काचेवरचे संपले की तिला जगवायला तुम्हाला तारामासे विकत आणून घालावे लागतील, आणि तुमचा सर्पंट स्टारही तिच्यापासून सुरक्षित राहणार नाही.

आता सर्पंट स्टार आणण्याबद्दल. दुकानात तो आला त्या दिवशी घेऊ नका, निदान आठवडाभर तिथे राहू द्या. दूरच्या प्रवासात खचलेले असतील ते याच दिवसांत कोलमडतात. तुमच्यासमोर त्याला काहीतरी भरवायला सांगा. हात हलले, तुकडा घेतला, तरच पुढे बोला. ज्यांना खरा तारामासा घ्यायचा आहे त्यांनी त्याला पाण्याखालीच उलटा करून बघावं. नलिकापाद हलायला हवेत, आणि काही मिनिटांत त्याने स्वतःहून सरळ व्हायला हवं. अंग लुळं, कातडीवर पांढुरका ओलसर डाग किंवा हाताचं टोक विटलेलं असेल तर दया म्हणून विकत घेऊ नका. आणि दुकानातल्या पाण्याची सॅलिनिटी विचारा. माशांच्या टँकमध्ये ती मुद्दाम कमी ठेवलेली असते असं बऱ्याच ठिकाणी आढळतं.

घरी आल्यावर घाई नको. पिशवी तरंगत ठेवल्याने फक्त तापमान जुळतं. त्यानंतर त्याला पिशवीतल्या पाण्यासकट एका स्वच्छ भांड्यात ठेवा आणि टँकमधलं पाणी बारीक नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने त्यात सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब. भांडं भरत आलं की अर्धं पाणी टाकून द्या, पुन्हा चालू करा. दोन्हीकडची सॅलिनिटी मोजून सारखी झाली की मगच आत सोडा. याला दोन-तीन तास लागतात, फरक मोठा असेल तर जास्तही. हलवताना हवेत धरू नका, भांड्यासकट पाण्यात बुडवून सोडा. हीच पद्धत सगळ्या तारामाशांना लागू. टँकमध्ये सॅलिनिटी ३५, तापमान २४ ते २६ अंश आणि ते दिवसभरात फार न हलणारं, एवढं त्याला पुरतं. पॉवरहेडच्या तोंडाला जाळी आहे ना ते बघा, हात आत ओढले जातात. माशांना पांढरे ठिपके झाले म्हणून या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर मात्र कुठलाही तारा आणू नका. तांबं खडकात आणि वाळूत मुरून राहतं आणि या जीवांना अगदी थोडंही प्राणघातक ठरतं. पुढेही औषधोपचार वेगळ्या टँकमध्येच करा. आणि हा टँक बदलून पुढे ट्रिगरफिश किंवा पफर आणायचा विचार असेल तर आजच सोडा, दोघेही तारे कुरतडतात.

रोज पाणी घालून सॅलिनिटी महिनाभर स्थिर राहते का ते आधी पाहा. टिपून ठेवा, पाणी घालण्याआधीचा आकडा. तो ३५ ते ३५.५च्या आत राहिला की सर्पंट स्टार आणायला हरकत नाही. टँक आठ महिन्यांचा आहे, त्याच्यासाठी तेवढा जुना पुरतो.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या टँकमध्ये निळा तारामासा आज फिरत असेल. त्यांनी हा मजकूर वाचून त्याला घाईघाईने पिशवीत घालू नये, आणखी एक स्थलांतर त्याला झेपणार नाही. ओळखीत कुणाकडे खूप मोठा, जुना टँक असेल आणि ते घ्यायला तयार असतील तर सावकाश, वर सांगितलं तसं थेंबाथेंबाने हलवा. तसं कुणी नसेल तर काच खरवडताना मागची आणि बाजूची काच सोडून द्या, तिथला थर त्याला राहू द्या. अन्नासाठी त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या शैवालखाऊ गोगलगायींची संख्या कमी करा. बुडणारी शैवालाची गोळी किंवा शिंपल्याचा बारीक तुकडा आठवड्यातून दोनदा त्याच्या अंगाखाली ठेवून पाहा, तासाभरात खाल्ला नाही तर काढून घ्या. हाताच्या खालच्या बाजूला छोटी टोपीसारखी गोगलगाय चिकटलेली आहे का हेही बघा. थायका नावाची ही परजीवी लिंकियावर सापडते, आणि ती हलक्या हाताने, कातडी न ओढता काढावी लागते. हात लुळे पडले, कातडी उसवू लागली, नलिकापाद काचेला धरेनासे झाले, तर त्याला वेगळ्या भांड्यात टँकच्याच पाण्यात ठेवा आणि रोज पाणी बदला. सावरला तर ठीक. नाही सावरला तरी निदान तो मुख्य टँकमध्ये विरघळून बाकीच्यांचं पाणी नासवणार नाही, आणि त्या दिवशी अमोनियाही एकदा मोजून घ्या.